शेडतम्माची शिवण

सरोजिनी शेडती गेल्या पावसाळ्यात वारली. बाराव्याच्या पंगतीत बायका बोलत होत्या, किती शांत बाई, कधी कुणाचा हेवा केला नाही. मी हातातला घास पानात परत ठेवला.

डॉक्टर हेब्बारांच्या प्रसूतिगृहात मी तिच्याबरोबर एकोणीस वर्षं काढली. ती नर्स, मी औषधांच्या खिडकीवर. हेव्याने माणसाचं जेवण तुटतं, चेहऱ्याचा रंग उतरतो, हे मी तिच्याकडे बघूनच शिकले. पैशाचा हेवा तिला नव्हता, रूपाचाही नव्हता. नवऱ्यावरून कुणाचा हेवा करावा असंही काही नव्हतं. शेट्ट्यांच्या जुन्या रीतीने तो त्याच्या आईच्या घरी राही, ही हिच्या आईच्या घरी. शनिवारी येई, सोमवारी जाई, आणि दोघंही खूष होती. तिने आयुष्यभर हेवा केला तो एका बाईच्या दोन हातांचा. मेलेल्या माणसाबद्दल गोड बोलायचं म्हणून ते पुसून टाकणं मला पटत नाही. त्या हेव्यातूनच तिच्या हातून एक वाईट गोष्ट झाली आणि एक चांगली.

तिला सगळे शेडतम्मा म्हणत. ऐंशी सालच्या आसपासची ही हकिकत. तेव्हा डॉक्टरांचा नियम होता, पहिलटकरणीला कात्री लावायचीच. मुलाचं डोकं बाहेर येताना योनी आणि मागची वाट यांच्या मधली दोन बोटं जागा ताणली जाते. ती वेडीवाकडी फाटण्यापेक्षा आपणच सरळ कापावी, असं पुस्तकात होतं. मी शिकलेली बाई, पुस्तकातलं खरं मानत होते. कापलं की शिवणं आलं, आणि शिवण्यात शेडतम्माचा हात धरणारं कुणी नव्हतं. लहानपणी कॉन्व्हेंटात तिने कशिदा शिकला होता. दिव्याची मान खाली ओढून, चष्मा नाकावर घेऊन ती बसली की बाळंतिणीची सासूसुद्धा दारातून गप्प उभी राहून बघे. डॉक्टर स्वतः म्हणत, "माझे टाके म्हणजे गोणपाट शिवल्यासारखे. शेडतम्मा, तुम्हीच घाला." ते वर जात, पेपर वाचत. खाडीपलीकडच्या गावांतून लोक विचारत येत, शिवणारी शेडतम्मा आज आहे का?

सतरा वर्षं हे असं चाललं. मग कार्मिनबाय आली.

कार्मिनबाय कोडगूच्या एका कॉफीच्या मळ्यावर बावीस वर्षं सुईणपण करून आली होती. चांगली दांडगी बाई, मंद चालणारी, तोंडाला खंड नसलेली. मळ्यावर डॉक्टर नव्हता, पावसात रस्ता बंद, शिवायला दोरा असेल तर असेल. बाई फाटली तर तशीच राहायची. त्यामुळे फाटू द्यायचंच नाही हे ती तिथेच शिकून आली होती. डॉक्टरांचा नियम तिने कधी मोडला नाही आणि कधी पाळलाही नाही.

"कात्री लावलीत?" डॉक्टर विचारत.

"हातात घेतली होती डॉक्टर. तेवढ्यात पोर आलं."

दर वेळी पोर तेवढ्यातच यायचं.

आता माझी चूक सांगते. टाके घालायच्या दोऱ्याच्या पुड्या माझ्या कपाटात असत. एका दुपारी चहाला सगळ्या बसलो असताना मी हसत हसत बोलून गेले, "शेडतम्मा, या महिन्यात तुम्ही सव्वीस पुड्या नेल्यात. कार्मिनबायनी एक. तीसुद्धा त्यांच्या फ्रॉकची शिलाई उसवली होती म्हणून."

आया खदखदल्या. कार्मिनबाय म्हणाली, "तो फ्रॉक तरी शेडतम्माकडूनच शिवून घ्यायला हवा होता. मला कुठलं सुईदोऱ्याचं येतंय."

ती मनापासून म्हणाली. शेडतम्माने अर्धा कप चहा तसाच ठेवला आणि उठली. जाताना मला म्हणाली, "गाई सोडवणारी बाई आणलीय डॉक्टरांनी. गाईला कोण टाके घालतं?"

हे इथेच राहिलं असतं. पण आमच्याकडे बाळंतिणीचा न्याय डॉक्टर करत नाही. तो आंघोळ घालणारी करते. तांब्याच्या हंड्यात पाणी कढत करायचं आणि चाळीस दिवस रोज बाळंतिणीच्या कमरेवर, पाठीवर, खाली सपासप मारायचं, हे काम आमच्या भागात अक्कू पूजारतीचं. सत्तर घरं तिची. बाईचं शरीर नवऱ्याने पाहिलं नसेल इतकं अक्कू बघे, आणि जे बघे ते पुढच्या घरी सांगे.

"शेडतम्माची बाळंतीण ना? चौदा दिवस पाटावर टेकणार नाही," ती हंड्याखाली नारळाची सोडणं सारत सांगायची. "भिंतीला धरून पोराला पाजणार. शिवण मात्र बघत राहावी अशी. आणि ती बायम्मा आहे ना, जाडी? तिची बाळंतीण तिसऱ्या दिवशी मांडी घालून बसते, माशाचे काटे काढत."

झालं. सहा महिन्यांत गावात दिवस फिरले. शेडतम्माची ड्यूटी सकाळी आठ ते दोन, कार्मिनबायची दोनच्या पुढे. बायका सकाळी कळा आल्या तरी येईनात. एकदा मी साडेबाराला दारं लावायला गेले तर फाटकाबाहेर फणसाखाली एक मोगेर कोळीण उकिडवी बसलेली, घामाने निथळत, बाजूला सासू वारा घालतेय.

"आत चल की गं," मी म्हटलं.

"कुठे काय झालंय?" सासू म्हणाली. "जरा उन्हाची बसलीय."

"उन्हाची? तिच्या पायाखाली पाणी गेलंय!"

"दोन वाजता येतो अम्मा. दीड तासाचा तर प्रश्न."

मी वळले तर मागे शेडतम्मा उभी. तिने सगळं ऐकलं होतं. तिने त्या बाईला दंडाला धरून उठवलं, आत नेलं, टेबलावर घेतलं. पण बाईने मांड्या अशा आवळून धरल्या की तोबा. दोनला कार्मिनबाय छत्री मिटत आली आणि सव्वादोनला मूल. टाका नाही. त्या दिवशी शेडतम्मा डबा न उघडता तिथेच ठेवून घरी गेली. तिच्या डब्यात बांगड्याची आमटी होती, दोनदा गरम करून आम्हीच संपवली.

तिने सरळ विचारलं असतं तर कार्मिनबायने हात धरून शिकवलं असतं. विचारील ती शेडती कसली. तिने बघायचं ठरवलं. बाळंतखोलीला लागून हत्यारं उकळायची खोली होती, मध्ये काचेची खिडकी. स्टोव्ह भणाणत असायचा. कार्मिनबायचं बाळंतपण असलं की शेडतम्मा ड्यूटी संपल्यावरही तिथे चिमटे उकळत उभी. उकळलेलेच चिमटे पुन्हा उकळत. आम्हाला कळत होतं, कुणी बोललं नाही.

तिला काय दिसलं? कार्मिनबाय बाईला पाठीवर ठेवत नाही, डाव्या कुशीवर घेते. गरम पाण्यात बुडवलेलं फडकं पिळून खाली धरून ठेवते. खोबरेल कोमट करून लावते. डोकं दिसायला लागलं की तळवा त्यावर ठेवते. आणि बडबडते. तोंड हलत असतं अखंड, बाईचंही हलत असतं. बाळंतपणाच्या ऐन वेळी गप्पा! शेडतम्मा मला येऊन म्हणाली, "तेल आहे पैबाई. बाकी सगळी नाटकं. तेल आणि फडकं. एवढ्यावर गाव नाचतंय."

"विचारून का घेत नाही?"

"कुणाला? तिला? तिच्यापेक्षा मी इथे सतरा वर्षांनी जुनी."

मग वनजा आली. विडीकामगार पोरगी, वीस-एकवीसची, नवरा मुंबईत हॉटेलात. पहिलटकरीण. मंगळवारी सकाळी साडेनवाला आली आणि फणसाखाली थांबायची तिला अक्कल नव्हती, किंवा म्हाताऱ्या आईने घाबरून लवकर आणलं. शेडतम्माला हवी होती तशी बाई मिळाली. तिने वनजाला डाव्या कुशीवर घेतलं. तेल कोमट केलं, फडकं पिळलं. कात्री ट्रेमध्ये झाकून ठेवली. आज ती टाका न घालता बाहेर येणार होती आणि ते अक्कू पूजारती बघणार होती.

अकराच्या सुमाराला आयांचा गलका ऐकू आला, "दे, दे, जोर दे! श्वास धर! आणखी दे!" मग वनजाची किंकाळी, मग मूल रडल्याचा आवाज. मुलगा, पावणेचार किलो.

थोड्या वेळाने शेडतम्माने दोरा मागवला. एक पुडी. मग आणखी एक. तिसरी मी स्वतः घेऊन गेले. दार किलकिलं करून तिने हात बाहेर काढला. हात कोपरापर्यंत लाल होता.

"डॉक्टरांना बोलवू?"

"कशाला? काय झालंय बोलवायला?"

"तिसरी पुडी आहे म्हणून..."

"दोरा जुना निघाला. तुटतोय."

माझ्या कपाटातला दोरा जुना नव्हता, हे मला माहीत होतं. तरी मी खिडकीवर परत आले. डॉक्टर वर पेपर वाचत होते, चौदा पायऱ्या. मी चढले नाही. शेडतम्मा दीड तास शिवत बसली होती. रजिस्टरात तिने लिहिलं, 'लहान फाट, टाके घातले.'

नवव्या की दहाव्या दिवशी अक्कू माझ्या खिडकीशी आली. तिला कधी औषध लागत नसे. पान थुंकून आली, म्हणजे गोष्ट गंभीर.

"अम्मा, ती वनजा वारा धरू शकत नाही. पातळ झालं तर तेही नाही. पोरगी जेवायची थांबलीय. खाल्लंच नाही तर बाहेर काय येणार, म्हणते."

"टाके पिकलेत का?"

"टाके? टाके बघून मी हात जोडले. परकराला गोट असा लावलाय की दुकानात मिळायचा नाही. आतला नाडाच नाही."

मागच्या वाटेभोवती जो वाटोळा स्नायू असतो, तो आवळून धरतो म्हणून आपण माणसांत बसू शकतो. वनजाचा तो तुटला होता. शेडतम्माने वरची कातडी आणि मधलं मांस सुरेख शिवलं आणि तो तसाच राहिला.

मी त्याच दुपारी तिला गाठलं. ऐकून घेताना ती कापसाचे बोळे करत होती. एकही बोळा वाकडा झाला नाही.

"आंघोळ घालणारीने आंघोळ घालावी," ती म्हणाली. "पहिल्या बाळंतपणात महिनाभर होतं असं थोडं. आपोआप आवळतं."

"हे तसलं आहे?"

"तुम्ही दोरा देणाऱ्या पैबाई. तुम्हाला काय कळतंय."

"मला एवढं कळतं की मी तीन पुड्या दिल्या."

तिने बोळे डब्यात भरले. मग हळूच म्हणाली, "तिला सांगितलंय अक्कूने?" तिला, म्हणजे कार्मिनबायला. वनजाचं काय, हे तिने विचारलं नाही. मला राग आला. आता लिहितानाही येतो.

तिला अक्कूने सांगितलं नव्हतं. वनजाच्या आईने सांगितलं. म्हातारी दुसऱ्या दिवशी वळलेल्या विड्या घेऊन डेपोला निघाली ती वाटेत कार्मिनबायच्या दारात जाऊन रडली. पोर गोठ्यात झोपते म्हणाली, कुणी आलं तर वास गाईचा वाटावा म्हणून. जावयाचं पत्र आलंय, खोली मिळालीय, दोन महिन्यांत घेऊन जातो. पोर म्हणते त्याला कळव, मी मेले.

कार्मिनबाय वनजाला बघून आली आणि सरळ औषधखोलीत. शेडतम्मा तिथेच होती. मी जायला निघाले तर कार्मिनबाय म्हणाली, "बसा पैबाई, चोरीचं काही नाही."

"काय बघून आलीस?" शेडतम्माने विचारलं.

"तूच बघितलंस ते. पार मागेपर्यंत गेलंय." कार्मिनबाय स्टुलावर बसली, स्टूल करकरलं. "कुशीवर घेतलं होतंस?"

"डाव्या."

"फडकं?"

"सगळं केलं. तेलसुद्धा."

"डोकं अर्धं आल्यावर तिच्याशी काय बोललीस?"

"बोलायचं काय असतं तेव्हा? जोर लाव म्हटलं. आया म्हणत होत्या."

"अगं देवा," कार्मिनबाय म्हणाली आणि कपाळावर हात मारला. "तेव्हाच तर जोर लावू द्यायचा नाही. मी काय गप्पांची हौस म्हणून बोलते? घरी गाई किती, नावं सांग, कालवड कुणाची, कुठल्या रंगाची. नाव सांगणाऱ्या बाईला श्वास धरता येत नाही. श्वास धरला नाही तर जोर लागत नाही. तेवढ्यात डोकं कणाकणाने सरकतं, आपण नुसता हात ठेवायचा. गाई नसल्या तर नणंदा विचारायच्या. नणंदांवर जास्त वेळ जातो."

मला हसू आलं, मी दाबलं. शेडतम्माचा चेहरा मी कधी विसरणार नाही. तीन महिने काचेतून तिने त्या बाईची बोटं पाहिली होती, तेलाची वाटी पाहिली होती, फडक्याची घडीसुद्धा. ओठ हलताना पाहून हसली होती. स्टोव्ह बंद केला असता तर ऐकू आलं असतं.

"आता काय करणारेस?" शेडतम्मा म्हणाली.

"मी? काही नाही. तिला मोठ्या इस्पितळात पाठवते. ओळखीची सिस्टर आहे तिथे. घरी बाळंत झाली म्हणून सांगायला लावते. डॉक्टरांना कळायला नको, कुणालाच नको." ती उठली, शेडतम्माच्या खांद्यावर हात ठेवला. "घाबरू नकोस. मी बोलणार नाही कधी. माझ्याकडूनही झालंय गं, सुरवातीला. मळ्यावर."

कार्मिनबाय गेली. शेडतम्मा तो खांदा पुसत होती. खरोखर पुसत होती, पदराने, काही सांडल्यासारखा.

"बरी बाई आहे," मी म्हटलं.

"बरी?" ती माझ्यावर उसळली. "आता मी जन्मभर तिच्या पोटात राहायचं? ती मला बघून रोज हसणार, चहा देणार, 'शेडतम्माचं मी झाकलं' म्हणून मनात गोंजारणार! आणि म्हातारी म्हणणार बिघडवलं एकीने, निस्तरलं दुसरीने. तिच्या दयेवर? मी?"

"मग काय करणार?"

"उद्या बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला, सगळ्या आया, कार्मिनबाय, मी, सगळ्या खाली असताना तिने डॉक्टरांना वरून बोलावून घेतलं. रजिस्टर उघडून समोर ठेवलं.

"वनजा. मंगळवार. हे खोटं लिहिलंय मी."

डॉक्टर चष्मा शोधत होते. "लहान फाट लिहिलंय..."

"लहान नव्हती. मागच्या वाटेच्या आतपर्यंत गेली होती. मला दिसली. तुम्हाला बोलावलं नाही. कात्रीशिवाय करून दाखवायचं होतं मला, हिच्यासारखं." हिच्यासारखं म्हणताना तिने कार्मिनबायकडे बघितलंही नाही, नुसती हनुवटी त्या बाजूला केली. "जमलं नाही. वर शिवून टाकलं. तिला आता धरवत नाही. मी घेऊन जाते इस्पितळात, आजच. माझं नाव सांगून नेणार. कुणी केलं विचारलं तर मी केलं."

डॉक्टरांनी रजिस्टर मिटलं. ते वाईट माणूस नव्हते, आळशी होते. "शेडतम्मा," ते म्हणाले, "मी वर होतो ना. चौदा पायऱ्या." मग म्हणाले, "यापुढे टाके मी घालीन. गोणपाट तर गोणपाट."

सतरा वर्षांचं नाव तिने असं दोन मिनिटांत टेबलावर ठेवलं. त्यात पश्चात्ताप किती आणि कार्मिनबायचे उपकार नकोत हा हट्ट किती, मला सांगता यायचं नाही. मोजून काय करायचंय. वनजाची गाडी त्या दिवशी निघाली, एवढं खरं.

इस्पितळातल्या सर्जनबाईंनी लगेच हात लावला नाही. सूज उतरू दे, जखम मऊ होऊ दे, तीन महिन्यांनी या, म्हणाल्या. ते तीन महिने शेडतम्माने दर रविवारी वनजाच्या घरी काढले. कधी मी बरोबर असे. पोरगी आधी तिच्याशी बोलायचीच नाही, भिंतीकडे तोंड करून विड्या वळत बसायची, खाली वळकटी घेऊन. एकदा वळली आणि म्हणाली, "शेडतम्मा, दोन वाजेपर्यंत थांबले असते तर झालं नसतं ना हे?"

"नसतं झालं," शेडतम्मा म्हणाली.

मी असते तर काहीतरी गुळमुळीत बोलले असते. ती बोलली नाही. वनजाने विड्यांचं सूप बाजूला ठेवलं आणि पहिल्यांदा तिच्या हातची पेज प्यायली.

ऑपरेशनच्या वेळी शेडतम्मा आत उभी राहिली, परवानगी काढून. परत आल्यावर मला म्हणाली, "तो स्नायू तुटला की दोन्ही टोकं आत पळतात पैबाई. चिमट्याने शोधून ओढून आणावी लागतात. मी शोधलीच नाहीत. वरची कड जुळतेय का, एवढंच बघत होते." टाके कसे होते, मी विचारलं. "वेडेवाकडे," ती म्हणाली. "पण धरणारे."

आणि इकडे, सांगायला हवं, ती कार्मिनबायच्या टेबलाशी उभी राहायला लागली. चौऱ्याऐंशी सालापर्यंत, दुसऱ्या बाजूला, फडकी पिळत. काच नाही, स्टोव्ह नाही. गोड झाली असं समजू नका. कार्मिनबायला कुणी फणस आणून दिला तर हिचा चेहरा आंबट. कार्मिनबायने शाबासकी दिली की दुसऱ्या दिवशी हिचं डोकं दुखे. पण बाईला नणंदा विचारायचं काम तिने असं उचललं की एकदा एका बाळंतिणीचं आणि तिच्या नणंदेचं तिथेच दारात भांडण लागलं. मूल मात्र अलगद आलं.

वनजा बरी झाली. अक्कूने बघून सांगितलं, नाडा बसला. डेपोत जायला लागली, देवळात जायला लागली. मुंबईला मात्र जाईना. चोवीस तास बसमध्ये, शेजारी परके पुरुष, मध्येच काही झालं तर? नवरा रजा मिळत नाही म्हणून न्यायला येऊ शकत नव्हता. त्याची पत्रं आधी लाडाची, मग रागाची, मग दोन ओळींची. म्हातारी आई पत्रं माझ्याकडून वाचून घेई आणि वाचून झालं की परत वाचायला लावी, पुढे काही असेल म्हणून.

मार्चमध्ये शेडतम्माने चार दिवसांची रजा टाकली. नवऱ्याची चुलत बहीण आजारी आहे, म्हणाली. नवऱ्याला चुलत बहीण नव्हती हे मला माहीत होतं, मी अर्ज पुढे सरकवला. चौथ्या दिवशी ती परत आली ती पाय सुजलेले, केसांत धूळ, साडीला डिझेलचा वास.

"कुठे होतात?"

"बसमध्ये. जाऊन-येऊन." तिने पिशवी माझ्या टेबलावर टाकली. आत जुन्या धोतराची धुतलेली फडकी घडीच्या घडी तशीच होती. "एकही लागलं नाही. आंबोलीच्या घाटात वळणं आली तेव्हा वनजा घाबरली, माझा हात धरला. मग झोपली ती सरळ दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत. माझ्या खांद्यावर लाळ गाळत. पोर माझ्या मांडीवर मुतलं तेवढंच."

"नवरा आला होता न्यायला?"

"आला होता. बुटका आहे." ती खुर्चीत बसली, चपला काढल्या, मग एकदम माझं मनगट धरलं. "पैबाई, कार्मिनला सांगायचं नाही मी गेले होते."

"का? खूष होईल ती."

"म्हणूनच," शेडतम्मा म्हणाली. "ती म्हणेल, बरं केलंस गं. आणि ते मला ऐकून घ्यायचं नाही."

मी सांगितलं नाही. कार्मिनबाय नोकरी सोडून गेली तेव्हाही नाही.